मामांचे व्हिडिओ, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू असलेली गोळी

पत्र (थोडक्यात)

"आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. एकुलती मुलगी १९ वर्षांची, जळगावला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. आठ महिन्यांपूर्वी तिने सांगितलं, की मी स्वतःला मुलगा मानते. लहानपणापासून तसंच वाटतं आणि पाळी सुरू झाल्यापासून स्वतःच्या अंगाची किळस येते, म्हणे. त्याच्या आधीपासून झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं, दोन विषय राहिले. मानसोपचारतज्ज्ञांनी चिठ्ठीवर 'मॉडरेट डिप्रेशन' (मध्यम नैराश्य) आणि 'जेंडर डिस्फोरिया' (अंगाचं लिंग आणि मनातली ओळख जुळत नसल्याची तगमग) लिहिलं आणि नैराश्यावरची एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम ही गोळी सुरू केली. पाच महिने झाले, तीनेक महिन्यांपासून झोप-जेवण सुधारलंय. माझा भाऊ पुण्याला असतो. तो एका परदेशी मानसशास्त्रज्ञाचे व्हिडिओ पाठवतो. ते म्हणतात, मानसिक आजारांची निदानं थोतांड आहेत, त्यांची रक्ताची एकही तपासणी नाही, आणि ट्रान्सजेंडर हे निव्वळ राजकारण आहे. भाऊ म्हणतो, हे खूळ आहे, गोळ्या बंद करा. तेच व्हिडिओ बघून पोरगी म्हणते, 'बघ, मला आजार नाहीच, मी गोळ्या सोडते.' जिममधून हार्मोनची इंजेक्शनं मिळतात, असंही बोलून गेली. तिचे पप्पा म्हणतात, दिवाळीनंतर स्थळं बघू. सासूबाईंना भगताकडे न्यायचंय. यात खरं कोणाचं?"

उत्तर

ताई,

आधी गोळीचं बोलू. वाद महिनाभराने मिटला तरी चालेल, गोळीचं आज ठरवावं लागेल.

पाच महिने रोज घेतलेली एस्सिटालोप्राम एकदम बंद करायची नाही. केली तर बऱ्याच जणांना दोन ते चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, भडक स्वप्नं असा त्रास सुरू होतो. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसतो. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आजार उलटला. दुसरा म्हणतो, गोळीचं व्यसन लागलं. खरं तर शरीर गोळीला सरावलेलं असतं आणि ती अचानक गेल्याने गडबडतं. आजार उलटतो तेव्हा तो हळूहळू, काही आठवड्यांत डोकं वर काढतो आणि त्यात ते झटके नसतात. गोळी सोडल्याचा त्रास मात्र दिवसांत येतो आणि गोळी पुन्हा घेतली की बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ओसरतो. व्यसनात मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागते, तसलं इथे काही नसतं.

सोडायचीच झाली तर पायऱ्यापायऱ्यांनी, आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांच्या हातूनच. १० वरून ५ वर आलं म्हणजे औषधाचं काम निम्मं झालं, असं होत नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर ही गोळी जाऊन बसते, त्यातला मोठा हिस्सा थोड्याशा मात्रेनेच भरतो. म्हणून १० वरून ५ ची उतरंड सोपी जाते आणि ५ वरून शून्यावर उडी मारली की माणूस आपटतो. शेवटच्या पायऱ्या लहान हव्यात: ५, मग अडीच, मग त्याहून कमी, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. कधी सुरू करायचं? बरं वाटायला लागल्यापासून साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात. हे महिने पहिल्या गोळीपासून मोजायचे नसतात, सुधारणा दिसली तिथून मोजायचे. तुमच्या सांगण्यावरून तो मुहूर्त अजून तीनेक महिने लांब आहे. आणि परीक्षेच्या तोंडावर किंवा घरात स्थळांची बोलणी चालू असताना तर मुळीच नाही.

आणखी एक, वयामुळे. २५ च्या आतल्यांना या जातीच्या गोळ्यांनी पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलताना कधीकधी बेचैनी वाढून आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी हा इशारा पाकिटावर छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. पाच महिने उलटलेत, म्हणजे तो सुरुवातीचा काळ गेला. पण मात्रा कमी करताना तो पुन्हा येतो. रात्रभर येरझाऱ्या, झोपेशिवायही अंगात भलताच जोर, 'माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल' अशी भाषा, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

'मरावंसं वाटतं का?' हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. केळी-कपाशीच्या घरात फवारणीची औषधं ओसरीवर नाहीतर माळ्यावर पडलेली असतात. ती कुलुपात, घरापासून लांब शेतातल्या खोलीत आणि किल्ली एकाच माणसाकडे. गोळ्यांचं महिन्याचं पाकीटही सध्या तुमच्याजवळ ठेवा, लेकराला सांगून, लपवून नाही. होस्टेलवर आठवड्यापुरत्या द्या. रात्री-बेरात्री बोलायला १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जिवावरचं वाटलं तर ११२, किंवा थेट जवळचं रुग्णालय.

आता व्हिडिओतले गृहस्थ. तुमच्या भावाला खोटं पाडायला म्हणून त्यांना वेडगळ ठरवू नका. त्यांच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग मानसोपचाराच्या आतल्या माणसांनीही कबूल केलेला आहे. थॉमस सास हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ १९६१ पासून हेच म्हणत होते, की 'मानसिक आजार' हे जगण्यातल्या अडचणींना दिलेलं वैद्यकीय नाव आहे. निदानाचं अमेरिकी पुस्तक, ज्याला डीएसएम म्हणतात, ते तज्ज्ञांच्या समित्या ठरवतात. समलैंगिकता त्यात आजार म्हणून छापलेली होती, ती १९७३ मध्ये काढली. रक्ताची तपासणी नाही हेही खरं.

नैराश्याचंच घ्या. त्या पुस्तकात नऊ लक्षणं आहेत: उदास मन, कशातच रस न वाटणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप बिघडणं, हालचाल मंदावणं किंवा सैरभैर होणं, थकवा, स्वतःला नालायक किंवा दोषी समजणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. त्यातली पाच किमान दोन आठवडे हवीत, आणि पहिल्या दोनांपैकी एक हवंच. गणित मांडलं तर पाच किंवा जास्त लक्षणं जुळण्याचे २२७ प्रकार निघतात. दोन माणसांत नऊपैकी एकच लक्षण सारखं असलं तरी दोघांच्या चिठ्ठीवर नाव एकच पडू शकतं. या पुस्तकाची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिच्या चाचणीत दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलं आणि त्यांचं मत किती जुळतं ते मोजलं. ० म्हणजे नशिबाने जुळावं तितकंच, १ म्हणजे तंतोतंत. नैराश्याला आले ०.२८. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संशोधन संस्थेचे प्रमुख थॉमस इन्सेल यांनी जाहीरपणे लिहिलं, की ही निदानं लक्षणांच्या गठ्ठ्यांवर उभी आहेत, कुठल्याही प्रयोगशाळेतल्या मापावर नाहीत.

अशा मांडणीत हमखास येणारा एक दाखला मात्र जपून घ्या. रोझेनहॅन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आठ धडधाकट माणसं खोटी लक्षणं सांगून १२ मनोरुग्णालयांत दाखल केल्याचं आणि डॉक्टरांना ते कळलं नसल्याचं लिहिलं होतं. सुझाना काहालन या पत्रकार बाईंनी तो प्रयोग खोदून काढला आणि २०१९ मध्ये त्याच्या खरेपणावरच गंभीर शंका उभ्या केल्या. ज्यांना निदानं तपासून घ्यायची हौस, त्यांनी आपले पुरावेही तपासावेत.

एवढं सगळं मान्य करूनही 'म्हणून गोळ्या बंद करा' हे त्यातून निघत नाही. अर्धशिशीचीही रक्ताची तपासणी नसते. म्हणून डोकं दुखत नाही असं कोणी म्हणत नाही. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी झाल्याने नैराश्य होतं याला ठाम पुरावा नाही. मामांच्या व्हिडिओंत हे असणारच. पण 'आजार अमुक कारणाने होत नाही' आणि 'गोळी काम करत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा अशी २१ औषधं प्रौढांमध्ये नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण फरक माफक होता. तुमच्या लेकराची झोप गोळीने सुधारली, काळाने सुधारली, की मनातलं आईला एकदाचं सांगून टाकल्याने, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. तिन्हींचा वाटा असू शकतो, आणि म्हणून तिन्ही चालू ठेवायचे.

तुमच्या भावाच्या बोलण्यातली खरी गोम पुढे आहे. निदानं पोकळ असतील तर 'जेंडर डिस्फोरिया' हेही पोकळ. मग लेकराला आजारी म्हणायला आधारच उरत नाही. आणि 'खूळ' हे काय आहे? तेही निदानच आहे, फक्त नऊ लक्षणं न तपासता, पुण्यात बसून केलेलं. निदानाची टीका दुसऱ्याच्या चिठ्ठीला लावायची आणि आपल्या शब्दाला सोडून द्यायचं, असं चालत नाही. या बाबतीत आपला कायदा बराच स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ सांगतं, की समाजातल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक रीतींशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. भावाला हे कलम वाचायला द्या. व्हिडिओतल्या गृहस्थांनाही ते पटेल.

लेकराची गफलत उलट बाजूची आहे. चिठ्ठीवर दोन ओळी आहेत आणि ते दोन्ही एकत्र पुसतंय. गोळी पहिल्या ओळीसाठी आहे, नैराश्यासाठी. दुसऱ्या ओळीवर गोळीच नसते. स्वतःला मुलगा मानणं हा आजार नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. डीएसएममध्ये आधी 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' (लिंग-ओळखीचा विकार) अशी नोंद होती. २०१३ मध्ये ती 'जेंडर डिस्फोरिया' झाली, म्हणजे निदान त्या ओळखीचं उरलं नाही, तिच्यापायी होणाऱ्या तगमगीचं उरलं. सहा महिने टिकलेली, सहापैकी किमान दोन लक्षणं आणि सोबत खरा त्रास किंवा कामात अडथळा, अशी त्याची अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११ व्या यादीने, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेऊन ठेवला. त्याच यादीत असंही म्हटलंय, की केवळ पोरीने पोरासारखं वागण्या-आवडण्यावरून हे निदान करायचं नाही. क्रिकेट खेळते, केस कापते, शर्ट घालते, एवढ्यावर कोणी काही लिहून दिलं असेल तर ती चिठ्ठी चुकीची. तुमच्या पत्रात मात्र वेगळं आहे: लहानपणापासूनचं वाटणं आणि पाळीपासूनची अंगाची किळस. डॉक्टरांनी ते ऐकून लिहिलेलं दिसतंय.

'हे सगळं राजकारण आहे' याबद्दल. राजकारण आहेच, आणि ते आपल्या जिल्ह्यातही झालंय. जानेवारी २०२१ मध्ये जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज तृतीयपंथी म्हणून फेटाळला गेला. औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडून आल्या. कोणत्या जागेवर कोणी उभं राहायचं, खेळात, तुरुंगात, वसतिगृहात काय नियम हवेत, हे वाद लोकशाहीत होणारच, आणि त्यात टीका करणारा प्रत्येक जण दुष्ट नसतो. पण निवडणुकीचा वाद आणि १९ वर्षांच्या पोराची झोप या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं की घर बिघडतं.

व्हिडिओतली वैद्यकीय टीका बहुतेक इंग्लंडमधल्या १८ च्या आतल्या मुलांबद्दल असते. तिथे बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. वयात येणं लांबवणारी औषधं आणि हार्मोन अल्पवयीनांना देण्यामागचा पुरावा कमकुवत आहे, आधी संपूर्ण मुलाकडे बघा, असा त्याचा सूर. स्वीडन आणि फिनलंडने त्याआधीच हात आखडता घेतला होता. अमेरिकेतल्या मोठ्या डॉक्टर संघटनांनी तेव्हा उलट भूमिका घेतली होती. हा वाद खरा आहे. पण कॅस यांनी ट्रान्सजेंडर माणसं खोटी असतात असं कुठेही म्हटलेलं नाही आणि प्रौढांचे उपचार त्यांच्या कामात नव्हतेच. तुमचं लेकरू १९ वर्षांचं, कायद्याने सज्ञान. मामांचं अर्धं भांडण इथे लागूच होत नाही.

ते उरलेलं अर्धं मात्र उपयोगी आहे. चिठ्ठीवरच्या नावावर न थांबता 'हे या माणसाच्या बाबतीत कसं घडलं' हे मांडा, असं निदानाचे टीकाकारच सांगतात. ब्रिटनमधल्या लुसी जॉनस्टन आणि मेरी बॉईल या मानसशास्त्रज्ञ बायांनी २०१८ मध्ये अशी एक अख्खी चौकट मांडली. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ हे काम रोज करतात: दोन-तीन बैठका, प्रत्येकी पाऊण-एक तास, आणि शेवटी एक पानभर मांडणी. ती मागून घ्या. पानावर पाच गोष्टी असतात: आज काय त्रास आहे, मुळात काय होतं, कशाने पेटलं, कशाने चालू राहतं, आणि काय सावरतं. तुमच्या पत्रावरून कच्चं पान असं निघेल: त्रास, झोप-भूक आणि राहिलेले विषय. मुळात, लहानपणापासूनची न सांगता आलेली गोष्ट. पेटलं, वयात येताना बदललेल्या अंगाने. चालू राहतं, होस्टेल, स्थळांची भीती, घरातले वाद. सावरतं, ते आईशी बोललं आणि आईने मारझोड न करता पत्र लिहिलं. या पानावर औषध एका रेघेपुरतं दिसेल, आणि बाकीच्या रेघांवर घरातल्यांची नावं येतील. म्हणूनच बहुतेक घरांना चिठ्ठीवरचं नाव परवडतं, हे पान नाही.

त्या बैठकीत हेही विचारलं जावं: आधी कधी छळ झालाय का, स्वमग्नतेची लक्षणं आहेत का, खाण्याचा त्रास आहे का. विचारलं म्हणून 'मग हे खरं ट्रान्स नाहीच' असं सिद्ध होत नाही, पण न विचारणं ही हलगर्जी आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी झालेली नसेल तर आत्ता करून घ्या. यांची कमतरता किंवा बिघाड थकवा आणि उदासी वाढवतो, आणि आपल्याकडे या वयाच्या पोरींत रक्त कमी असणं फार आढळतं.

माणूस कसा निवडायचा? मानसोपचारतज्ज्ञ एम.डी. किंवा डी.पी.एम. असतो, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंद असते, नोंदणी क्रमांक मागितला तर चांगला माणूस रागावत नाही. पहिल्याच भेटीत 'दोन महिन्यांत पोरीला सरळ करून देतो' म्हणणाऱ्याकडून उठून या. असं 'बदलून देणं' म्हणजे डॉक्टराचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलंय. पण पहिल्याच भेटीत, वीस मिनिटांत, हार्मोनची चिठ्ठी फाडणाऱ्याकडूनही उठून या. उत्तर आधीच ठरवून बसलेला माणूस दोन्हीकडे भेटतो.

आता इंजेक्शन. जिममधलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घ्यायचं नाही, हे धाक घालून सांगू नका, कारण सांगा. बाटलीत काय आहे याचा भरवसा नाही. तोंडाने घ्यायचे काही प्रकार यकृताला झोडपतात. सुई वाटून घेतली तर कावीळ-एचआयव्हीचा धोका. खरं औषध एन्डोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या, देखरेखीत द्यायचं असतं: आधी हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा), यकृत, चरबी, रक्तदाब यांची तपासणी, मग पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. या औषधाने रक्त दाट होतं, त्यातून गुठळीचा धोका, म्हणून ती तपासणी चुकवायची नसते. पाळी साधारण एक ते सहा महिन्यांत थांबते, पण ते गर्भनिरोधक नव्हे. घोगरा झालेला आवाज आणि आलेली दाढी औषध सोडल्यावर मागे जात नाही. पुढे मूल हवं असेल तर बीजांडं साठवण्याचं बोलणं औषधाआधी व्हायला हवं. यातलं काही मुळातच हवंय का, हे ठरवायला वेळ आहे. १९ व्या वर्षी निर्णय त्याचा, पण घाई कोणाचीच नको.

जे परत फिरवता येतं ते आत्ताच देता येतं: केस, शर्ट-पँट, घरात त्याला हवं ते नाव. चार महिने नावाने हाक मारून बघा आणि झोप, जेवण, अभ्यास याचं काय होतं ते तारखेसह वहीत लिहा. मन बदललं तर नाव परत घेता येतं. छाती बांधत असेल तर क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टीने बांधू देऊ नका, ते श्वास आणि बरगड्या आवळतं. त्यासाठीचं तयार बाइंडर मिळतं, ते आठ तासांच्या आत, झोपताना आणि व्यायामाला नाही. उन्हाळ्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा आणखी कमी. पुरळ, धाप किंवा बरगडीत कळ आली की लगेच काढायचं.

लग्नाचं थोडक्यात: नाही. जबरदस्तीने लावलेलं लग्न कोर्टातून रद्द होऊ शकतं आणि त्यात दुसऱ्या घरचं एक पोरही भरडलं जातं. तुमच्या लेकराच्या पप्पांना हे दुसरं कारण जास्त पटेल. भगताचंही तसंच. धुरी, मारहाण असं काही झालं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, आणि गुन्हा भगतापुरता राहत नाही, त्याला मदत करणारेही त्यात येतात. सासूबाईंना कुळाच्या देवाला न्यायचं असेल तर न्या, दर्शनाला कोणाची हरकत नाही.

कागदांवरचं नाव-लिंग बदलणं हे शेवटचं काम, आत्ताचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. २०१९ चा कायदा आला तेव्हापासून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वेळ आली की जळगावच्या समाजकल्याण कार्यालयात त्या दिवशीचे नियम आणि नमुना विचारूनच भरा.

खाजगी डॉक्टरची फी जड जात असेल तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, धुळ्यालाही आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. सोबत जुनी चिठ्ठी, रिकामी पाकिटं, रक्ताचे रिपोर्ट आणि झोप-जेवणाची वही. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: नैराश्य आता कितपत उरलंय, गोळी अजून किती महिने, उतरवताना पायऱ्या कशा, आणि बोलण्याचे उपचार कोणाकडे. फाइलची प्रत मागण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, कलम २५. पण लेकरू सज्ञान आहे, म्हणून फाइलवरचा हक्कही त्याचा आणि तुम्हाला काय सांगायचं हेही त्यानेच ठरवायचं. आत पहिल्यांदा त्याला एकटं जाऊ द्या, तुम्ही बाकावर बसा; बोलावलं की जा. भावाला सोबत यायचं असेल तर येऊ द्या, पण व्हिडिओचा फोन घरी ठेवून.